मोबाईल बंद करायचा, पण बटण कोणाच्या हातात?

मोहित्यांचे वडगावचा भोंगा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकला असेल. आणि गंमत म्हणजे मोबाईलवरच ऐकला असेल! सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं हे गाव. ऑगस्ट २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजायला लागला. भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही बंद, मोबाईल बंद. साडेआठला दुसरा भोंगा. त्यानंतर ज्याला जे पाहायचं ते त्याने पाहावं. मधला दीड तास पोरांचा अभ्यास, मोठ्यांचं वाचन, नाहीतर नुसत्या गप्पा.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आपल्या विदर्भातल्या एका गावाची बातमी आली. यवतमाळ जिल्हा, पुसद तालुका, गाव बान्सी. तिथल्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईल वापरायला बंदी केली. मोडली तर २०० रुपये दंड.

दोन्ही बातम्या आपण सारख्याच कौतुकाने फॉरवर्ड केल्या. "असं आपल्याकडंही पाहिजे" असं खाली लिहिलं आणि पुढचा व्हिडिओ लावला. मला मात्र या दोन गोष्टी एकसारख्या वाटत नाहीत. आता आपल्या तालुक्यातही पारावर असली चर्चा ऐकू यायला लागली आहे, म्हणून फरक कुठे वाटतो ते जरा सविस्तर लिहितो. लांबण लागेल. सवडीने वाचा.

मला न ओळखणाऱ्यांसाठी सांगतो. जळगाव जामोदात माझं छोटं ऑनलाईनचं दुकान आहे. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, सातबारा, पॅनकार्ड, परीक्षांचे फॉर्म. जळगाव म्हटलं की बाहेरच्यांना केळीवालं खान्देशातलं जळगाव आठवतं, त्यामुळे आमची पार्सलंसुद्धा कधीकधी तिकडे फिरून येतात. असो. मुद्दा असा की दिवसभर माझ्यासमोर माणसापेक्षा त्याचा मोबाईलच जास्त वेळ असतो. कोणाच्या मोबाईलची काच फुटलेली, कोणाच्यात जागा शिल्लक नाही, कोणाला स्वतःचा नंबर पाठ नाही. या कामामुळे एक गोष्ट पक्की कळली आहे. मोबाईल म्हणजे खेळणं हे आता खरं राहिलेलं नाही.

कास्तकाराचंच घ्या. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी सक्तीची झाली. लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव, पण तिथपर्यंत जायची वाट मोबाईलमधून. ई-पीक पाहणी २०२१ पासून. वावरात उभं राहून पिकाचा फोटो काढा, तरच सातबाऱ्यावर पीक चढणार. आपल्या भेंडवळची घटमांडणीसुद्धा पाहा ना. अक्षय्य तृतीयेला घट मांडतात, दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत सांगतात. पूर्वी ते ऐकायला लोक गाड्या करून जायचे. अजूनही जातात, पण गर्दी उठायच्या आत भाकीत मुंबई-पुण्याच्या मोबाईलवर पोचलेलं असतं. यंदा पाऊस कसा ते कळतं, भाव कळतो, कर्जाचा हप्ता कळतो. सगळं त्या सहा इंचांत.

म्हणून "मोबाईलच नको घरात" हे बोलायला सोपं आहे. जो हे बोलतो, त्याच्याही खिशात एक असतोच.

आता दुसरी बाजू सांगतो. ही मला दुकानातच दिसली.

सप्टेंबर २०२५ पासून लाडक्या बहिणींची ई-केवायसी सुरू झाली. तारीख वाढत वाढत ३१ डिसेंबरपर्यंत गेली. पंधराशे रुपयांचा प्रश्न, त्यामुळे सकाळी शटर उघडायच्या आत बायांची लाईन. आधी बाईच्या आधारचा ओटीपी, मग नवऱ्याच्या किंवा वडलांच्या आधारचा ओटीपी. मी विचारायचो, "ताई, आधारला कोणता नंबर आहे?" किती बायांना तो माहीतच नसायचा! माहीत असला तर नवऱ्याचा. नवरा सुरतला कामाला. फोन लावायचा, तो मशीनवर, उचलत नाही. उचलला तर तो ओटीपी सांगेपर्यंत वेळ संपलेली. परत पहिल्यापासून.

एक बाई चार वेळा आली. तिच्या आधारला दिराचा नंबर. घराच्या वाटणीवरून दोन घरांचं बोलणं बंद. ओटीपी जायचा दिराकडे, आणि हिने मागायचा कोणत्या तोंडाने? तिसऱ्या खेपेला ती बाकड्यावर बसून म्हणाली, "दादा, पैसे माह्या नावाचे, अन् चावी दुसऱ्याच्या खिशात."

शेवटी तिने स्वतःच्या नावाचं सीम घेतलं, आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलला, मग तिचं काम झालं. जाताना पेढे नाही दिले तिने, पण नंबर मला तोंडपाठ म्हणून दाखवला. दहाच्या दहा आकडे. ऑनलाईन स्वातंत्र्य वगैरे मोठे शब्द आपण टीव्हीवर ऐकतो. मला विचाराल तर त्याची सुरुवात इथून होते. स्वतःच्या नावाचं सीम, स्वतःचा नंबर, आणि तो स्वतःला पाठ.

हे डोक्यात असतानाच एक ओळखीचे काका दुकानात आले. गाव सांगत नाही. ग्रामसभेत मांडायचा ठराव टाईप करून पाहिजे होता. मी बसलो कीबोर्डवर. काका सांगायला लागले, "अठरा वर्षांखालील मुलींना मोबाईल देऊ नये. दिल्यास पालकांस ५०० रुपये दंड."

मी थांबलो. "काका, अन् पोट्ट्यांचं?"

"पोट्टे त बाहेर रायतात, त्याइले लागते."

"तुमची नात कितवीत आहे?"

"बारावीत. नीटचा अभ्यास करून रायली. मोबाईलवरच शिकते ते."

"मग तिचा मोबाईल?"

काका जरा घुटमळले. म्हणाले, "तिचं अलग हाय ना बाप्पा."

मंडळी, सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे. प्रत्येकाच्या घरची पोरगी अलगच असते. बंदीचा ठराव कायम दुसऱ्याच्या पोरीसाठी असतो. काका वाईट माणूस नाहीत. नातीच्या शिकवणीसाठी त्यांनी तुरीचे पैसे मोडले आहेत. गावातली एक पोरगी फोटोवरून कुठल्याशा पोराच्या धमकीला बळी पडता पडता वाचली, तेव्हापासून त्यांना झोप नाही. भीती खरी आहे. पण धमकी देणारा पोरगा, आणि मोबाईल काढून घ्यायचा पोरीचा. हा न्याय कोणता?

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. डिसेंबर २०२५ मध्ये राजस्थानातल्या जालोर जिल्ह्यात पंधरा गावांच्या समाज-पंचायतीने सुना आणि तरुण मुलींना कॅमेऱ्याचा मोबाईल बंद केला. बटणांचा साधा फोन चालेल म्हणे. देशभर टीका झाली, मग निर्णय मागे घेतला. आणि पोरांचे डोळे खराब होतात, असं त्याचं एक कारण दिलं होतं! पोरं आयांचा मोबाईल पाहतात म्हणून आयांचा मोबाईल बंद. बापाचा मोबाईल पोरं पाहत नसावीत बहुतेक.

आता एक जुनी केस सांगतो, ती कमी लोकांना माहीत आहे. केरळातल्या कोझिकोड जिल्ह्यात एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात नियम केला की संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाईल जमा करायचा. अभ्यासाची वेळ ना. फहीमा शिरीन नावाची बी.ए.ची विद्यार्थिनी म्हणाली, माझा अभ्यास मोबाईलवरच असतो, मी देणार नाही. तिला वसतिगृहातून काढलं. ती हायकोर्टात गेली. १९ सप्टेंबर २०१९ ला न्यायमूर्ती पी. व्ही. आशा यांनी निकाल दिला की इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. तिला परत घ्या. शिस्तीचे नियम करू नका असं कोर्ट म्हणालं नाही. शिस्तीच्या नावाखाली शिकण्याचं साधनच काढून घेता येणार नाही, एवढं म्हणालं.

गंमत पाहा. वडगावात संध्याकाळी मोबाईल बंद, केरळच्या वसतिगृहातही संध्याकाळी मोबाईल बंद. पहिल्याचं कौतुक झालं, दुसरं कोर्टात पडलं. असं का?

वडगावात ठरवायला महिलांची ग्रामसभा बसली होती. आशाताई, अंगणवाडीताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरून सांगत होते. आणि मुख्य म्हणजे भोंगा वाजला की आजोबांचा टीव्हीसुद्धा बंद, सासूबाईंची मालिकासुद्धा बंद, सरपंचाचा मोबाईलसुद्धा बंद. साडेआठला पुन्हा सगळं चालू. वसतिगृहात नियम करणाऱ्यांनी स्वतःचे मोबाईल जमा केले नव्हते. बान्सीतही नियम फक्त अठराच्या खालच्यांना. मोठ्यांनी रात्री बारापर्यंत रील पाहायला हरकत नाही!

तुम्ही म्हणाल, अठराच्या खालची लेकरंच आहेत, त्यांना आवरायला नको? पाहिजेच. मी डोळे मिटून बसलेलो नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात काय झालं ते आठवा. पोरं पळवणारी टोळी आली, असे मेसेज फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागून पोट भरणारी, जमावाने ठेचून मारली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने आपल्या देशात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. पण लक्षात घ्या, राईनपाड्यात मारणारी लेकरं नव्हती. चांगली मोठी माणसं होती. अफवा पसरवण्यात, ऑनलाईन जुगारात रान विकण्यात, खोट्या लिंकवर बोट ठेवून खातं रिकामं करून घेण्यात आपण मोठेच पुढे. माझ्याकडे रडत येणाऱ्यांत चाळिशीच्या वरचे जास्त असतात. त्यांना मी पहिलं सांगतो, १९३० लावा, आत्ताच्या आत्ता, घरच्यांपासून लपवत बसू नका. जितका उशीर तितके पैसे गेले.

मग बंदी फक्त लेकरांवर कशी?

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियाची खाती बंद केली. ते बरोबर की चूक यावर तिथेही भांडणं आहेत. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे दंड कंपनीला आहे, तोही कोट्यवधी डॉलरचा. मुलाला नाही, आईबापाला नाही. ज्याने पोराला खिळवून ठेवायला यंत्र बनवलं, जाब त्याला. आपल्याकडचा २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदासुद्धा म्हणतो की अठराखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर आईबापाची पडताळणी केलेली परवानगी हवी, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवता येणार नाहीत. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, कंपन्यांना तयारीला दीड वर्ष दिलं आहे. हे लक्षात ठेवून विचारायला पाहिजे आपण. कंपनीने मलिदा खायचा आणि ५०० रुपये दंड मजुरी करणाऱ्या बापाने भरायचा, हे काही जमत नाही.

आता घरातलं.

माझ्या दुकानात महिन्यातून एकदोन बाप येतात. आवाज हळू करतात. "भाऊ, पोरीचं व्हॉट्सॲप माह्या मोबाईलवर दिसलं पाहिजे, असं काही करून द्या ना." होतं ते, कठीण नाही. तिचा मोबाईल दोन मिनिटं हातात घ्यायचा, लिंक करायचं, झालं. मी करत नाही. पन्नास नाही, पाचशे दिले तरी करत नाही. बायकोच्या मोबाईलसाठी विचारणारेही येतात, त्यांनाही चहा पाजून परत पाठवतो. आणि जिथे संधी मिळेल तिथे बाया-पोरींना सांगतो, व्हॉट्सॲपमध्ये वर तीन टिंबं आहेत, त्यात 'लिंक्ड डिव्हाइसेस' पाहा. तिथे अनोळखी काही दिसलं तर काढून टाका. तुम्हीही आत्ता पाहून घ्या. एक मिनिट लागतं.

बापांना राग येतो. "तुले पोरगी नाही का?" आहे ना. सतरा वर्षांची आहे. अकरावीत. पोरगा आठवीत.

पोरगीला मोबाईल घेऊन दिला तेव्हा आमच्या घरातही बैठक झाली होती. मी म्हणालो, रात्री नऊ ते दहा सगळे मोबाईल आईजवळ. पोरगी म्हणाली, "सगळे म्हणजे तुमचाही ना बाबा?" मी म्हणालो, माझा धंद्याचा आहे, गिऱ्हाइकाचा फोन येतो. ती म्हणाली, "माझा अभ्यासाचा आहे, सरांचा लेक्चर येतो." बायको पोळ्या लाटत होती, तिने मान वर न करता निकाल दिला, "दोघांचाही ठेवा."

तेव्हापासून देव्हाऱ्याखालच्या फडताळात एक स्टीलचा डबा आहे. नऊ ते दहा चारही मोबाईल त्यात. परीक्षेच्या दिवसांत पोरगीला सूट, तीही आधी सांगून. माझ्या गिऱ्हाइकांना आता माहीत झालं आहे, दहानंतर करतात. दोन-चार तुटली असतील. तुटू द्या. पोरगा लहान आहे, त्याच्या मोबाईलवर वेळेची मर्यादा लावली आहे, पण त्याला समोर बसवून, दाखवून लावली. किती वेळ, कशाकशाला, कधीपर्यंत, सगळं त्याला माहीत. चोरून काही नाही. पोरगीच्या मोबाईलला आम्ही हात लावत नाही. एवढंच सांगितलं आहे की कोणी काहीही धमकी दिली, फोटो असो की काही असो, रात्री दोन वाजता जरी झालं तरी आम्हाला उठवायचं, आम्ही पहिला प्रश्न "तू काय केलंस" असा विचारणार नाही.

हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, असं माझं मत आहे. ज्या घरात पोरगी सांगितल्याबरोबर मोबाईल जाईल, ती पोरगी सांगणारच नाही. आणि धमकी देणाऱ्याला नेमकं तेच पाहिजे असतं. मोबाईल काढून घ्यायची धमकी म्हणजे त्या बदमाषाला आपणच दिलेलं हत्यार आहे. काकांना मी हेच सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

घरातून जरा बाहेर येऊ, कारण गावात आणि दिल्ली-मुंबईतही हीच गोष्ट चालते. फक्त बटण मोठं असतं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्या विभागाच्या ठिकाणी, अमरावतीत, दंगल झाली आणि इंटरनेट बंद केलं. अफवा थांबवायला हे करावं लागतं असं प्रशासन म्हणतं, आणि राईनपाड्यानंतर ते अगदीच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण नेट बंद झालं की फॉर्मची शेवटची तारीख थांबत नाही, पैसे पाठवायचे असतात, दवाखान्यात पैसे भरायचे असतात. माझ्यासारख्याचं शटर खाली येतं ते वेगळंच. काश्मीरमधल्या बंदीवरून पत्रकार अनुराधा भसीन सुप्रीम कोर्टात गेल्या. १० जानेवारी २०२० चा निकाल आहे. कोर्ट म्हणालं, इंटरनेटवरून बोलणं आणि इंटरनेटवरून धंदा करणं, दोन्हीला घटनेच्या १९ व्या कलमाचं संरक्षण आहे. बंद करायचं तर आदेश जाहीर करा, कारण द्या, गरजेपुरतंच करा, आणि अमर्याद काळ बंद ठेवता येणार नाही.

आपल्या पालघरचं प्रकरणही विसरू नका. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतर मुंबई बंद झाली, त्यावर एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने लाईक केलं. दोघींना अटक. त्यावरून श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी कोर्टात गेली आणि २४ मार्च २०१५ ला ६६अ कलमच रद्द झालं. तरी अजूनही घराघरांत पोरींना सांगतात, "लाईक करत जाऊ नको बाई कशाला." कलम गेलं, भीती नाही गेली.

आणि अलीकडचं घ्या. नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी आदेश निघाला की नव्या प्रत्येक मोबाईलमध्ये 'संचार साथी' ॲप आधीच टाकून द्यायचं. ॲप वाईट नाही. मी स्वतः गिऱ्हाइकांचे हरवलेले मोबाईल त्यावरून ब्लॉक करून देतो. पण मला न विचारता माझ्या मोबाईलमध्ये का, असा लोकांनी आवाज केला, आणि ३ डिसेंबरला सरकारने सक्ती मागे घेतली. आठवडाही नाही लागला. म्हणजे विचारलं तर फरक पडतो.

आता तुम्हाला कळलं असेल मी कुठे येतोय. सरकारने आपला मोबाईल बंद केला की आपण चार प्रश्न विचारतो. का बंद केला? कधीपर्यंत? आम्हाला सांगितलं का? आणि हा नियम तुम्हालाही आहे का? हेच चार प्रश्न घरात पोरीने विचारले की आपण म्हणतो, "लय शायनी झाली." सरकारपुढे आपण नागरिक असतो आणि घरात आपणच सरकार. घरात जे सरकार आपण चालवतो, तसंच वरचं आपल्याला मिळतं, असं मला कधीकधी वाटतं.

म्हणून काकांना मी त्यांचा ठराव टाईप करून दिला नाही. दुसरा मसुदा करून दिला, आवडला तर मांडा म्हणून. तोच इथे टाकतो. कोणत्याही गावाने घ्यावा, बदलावा.

एक. रोज संध्याकाळी एक तास गावात टीव्ही आणि मोबाईल बंद. सर्वांचे. सरपंच, सदस्य, ग्रामसेवक गावात असतील तर त्यांचेही.

दोन. त्या तासात शाळेची एक खोली आणि तिथला दिवा अभ्यासाला उघडा. ज्याच्या घरी एकच खोली आहे, त्या पोराने जायचं कुठे, याचं उत्तर ठरावात असलं पाहिजे. आणि ज्यांचं शिकणं मोबाईलवर आहे त्यांना त्या खोलीत मोबाईल चालेल.

तीन. मुलगा-मुलगी भेद नाही. जो नियम पोरीला तोच पोराला.

चार. दंड नाही. सहा महिन्यांनी ग्रामसभेत, आणि त्याआधी महिलांच्या सभेत, परत विचारायचं की चालू ठेवायचं का.

पाच. गावातल्या प्रत्येक बाईचा स्वतःचा नंबर तिच्या आधारला जोडायचं शिबीर. ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांची यादी करायची, आणि ती यादी वाचून लाज बाईला नाही, गावाला वाटली पाहिजे.

सहा. कोणाला धमकीचा फोन, मेसेज आला तर कोणाकडे जायचं, अशा दोन बायांची नावं चावडीवर लिहायची. सोबत १९३० हा नंबर.

काकांनी कागद घडी करून खिशात ठेवला. म्हणाले, "पयल्या नंबरवर लोक भांडतीन." मी म्हणालो, भांडू द्या. पहिल्या कलमावर भांडण झालं म्हणजे समजायचं की आजार पोरांना नव्हता.

सातपुड्याच्या आत भिंगारा, चाळीसटापरीकडचे लोक दुकानात येतात, त्यांना एका फॉर्मसाठी अख्खा दिवस मोडून खाली उतरावं लागतं. त्यांच्यासमोर बसून "मोबाईलने घर बिघडवलं" हे वाक्य बोलायला माझी जीभ उचलत नाही. मोबाईल कोणाच्या हातात असतो आणि तो बंद करायचं कोण ठरवतं, घर बिघडतं की सुधरतं ते यावर आहे. ज्याच्या हातात मोबाईल, त्याच्याच हातात बंद करायचं बटण, आणि ते दाबायची अक्कल त्याला यावी म्हणून आपण सोबत बसलेले. मला तरी यापेक्षा वेगळा उपाय दिसत नाही.

तुमच्या गावात असा ठराव झाला असेल तर कसा चालला ते खाली लिहा. बंद पडला असेल तर का पडला ते आधी लिहा. आणि ज्यांना वरचा मसुदा कागदावर हवा आहे त्यांनी दुकानावर या. प्रिंटचे पैसे घेणार नाही. फक्त येताना घरच्या बाईला, पोरीला वाचून दाखवून या, आणि त्या काय म्हणाल्या ते मला सांगा.